पीनट बटर न घालता कुत्र्याची बिस्किटं: कलेजी, लाल भोपळा आणि नाचणीची उकड

कुत्र्यासाठी घरी बिस्किटं करायची म्हटलं की पहिल्यांदा हाताला लागते ती पीनट बटरची बरणी. कुत्र्यांना त्याचा वास आवडतो, पीठ छान मिळून येतं, बिस्किट खुसखुशीत होतं. वास, बांधणी आणि खुसखुशीतपणा, ही तीन कामं पीनट बटर एकट्याने करतं. ते काढून टाकायचं तर या तिन्ही कामांची वेगवेगळी सोय लावावी लागते. नुसतं पीनट बटर वगळून त्याजागी पाणी ओतलं की पिठाला वास राहत नाही, लाटताना कडा फुटतात आणि भाजून झाल्यावर डब्याच्या तळाशी नुसता चुरा जमतो. मी वासासाठी कोंबडीची कलेजी वापरते आणि बांधणीसाठी उकड. तिसरं काम, म्हणजे तेलकट खुसखुशीतपणा, सोडूनच देते. कुत्र्याला त्याची गरज नसते. त्याला कडक, कुरकुरीत तुकडा चावायला मनापासून आवडतो, आणि तसा तुकडा तेलाने होत नाही, नीट वाळवल्याने होतो.

पीनट बटर टाळायचं कारण प्रत्येक घरात वेगळं असतं. कुठे लहान मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असते, कुठे कुत्र्याला स्वादुपिंडाचा त्रास होऊन गेलेला असतो आणि डॉक्टरांनी स्निग्ध पदार्थ बंद केलेले असतात. पीनट बटरमध्ये वजनाच्या जवळपास निम्मी चरबी असते. एक मोठा चमचा म्हणजे ९५ च्या आसपास कॅलरी. पाच किलोच्या कुत्र्याचा दिवसभराच्या खाऊचा वाटाच ३५-४० कॅलरींचा असतो, म्हणजे एका चमच्यात अडीच दिवसांचा खाऊ संपला. घरी केलेलं शेंगदाण्याचं कूट किंवा लोणी घातलं तरी हा हिशेब बदलत नाही. शिवाय ओलसर जागी साठवलेल्या दाण्यांवर जी बुरशी येते तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृतावर घाला घालतं आणि कुत्री त्याला माणसांपेक्षा लवकर बळी पडतात.

सगळ्यात गंभीर गोष्ट झायलिटॉलची. ‘शुगर-फ्री’ किंवा ‘नो ॲडेड शुगर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पीनट बटरमध्ये ही गोडी घातलेली असते. अमेरिकेत आणि इतर देशांत राहणाऱ्या मंडळींनी तर बरणीचं मागचं लेबल वाचल्याशिवाय पुढे जाऊच नये. माणसाला झायलिटॉल चालतं. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्यामुळे एकदम इन्सुलिन सुटतं आणि बऱ्याचदा अर्ध्या-एक तासातच रक्तातली साखर कोसळते. शरीराच्या वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅम एवढंही त्यासाठी पुरतं, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला फक्त १ ग्रॅम. मात्रा वाढली तर यकृत निकामी होऊ शकतं. असं काही पोटात गेल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न बघता थेट पशुवैद्याकडे जायचं.

आता साहित्य. कोंबडीची कलेजी १५० ग्रॅम, लाल भोपळ्याचा निथळलेला गर १०० ग्रॅम, नाचणीचं पीठ २०० ग्रॅम, ओट्सचं पीठ १०० ग्रॅम, एक अंडं आणि कलेजी शिजवलेलं पाणी १०० मिलि. मीठ नाही, साखर-गूळ नाही, तेल-तूप नाही, बेकिंग पावडर नाही. साधे ओट्स मिक्सरमधून कोरडे फिरवले की पीठ तयार. मसाला ओट्स अजिबात चालणार नाहीत, कारण त्यात मीठ आणि कांदा-लसणाची पूड असते. वाटीने मोजण्यापेक्षा वजनकाट्यावर मोजा. नाचणीचं पीठ दाबून भरलं आणि सैल भरलं यात वाटीमागे सहज २०-२५ ग्रॅमचा फरक पडतो, आणि उकडीला तो फरक लगेच जाणवतो.

कलेजी घेताना खाटकाकडेच नीट बघून घ्या. तिच्यावर कधीकधी पित्ताची हिरवट पिशवी चिकटून राहिलेली असते. ती न फोडता आजूबाजूच्या भागासकट कापून टाकायची. फुटली तर जिथे हिरवा डाग पडला तेवढा तुकडा काढून टाका, कारण ती कडवट चव शिजवून जात नाही. पांढऱ्या शिरा आणि चरबीही काढा. कलेजी धुऊन ३०० मिलि पाण्यात मंद आचेवर ठेवा. उकळी येताना वर करडा फेस जमतो, तो झाऱ्याने काढला की पाणी स्वच्छ राहतं. उकळी आल्यावर आठ ते दहा मिनिटं पुरतात. एक मोठा तुकडा मधोमध कापून बघा, आत गुलाबी रंग दिसता कामा नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस दाखवायला हवं.

काही जण कच्चीच कलेजी वाटून पिठात घालतात. ते मला दोन कारणांनी पटत नाही. कच्च्या कलेजीचं वाटण पातळ होतं, मग पीठ वाढत जातं आणि वास पातळ होत जातो. आणि कच्च्या कोंबडीतले जंतू मिक्सरच्या पात्याखाली, ओट्यावर, पोळपाटावर सगळीकडे फिरतात. शिजवलेली कलेजी आधी कोमट होऊ द्यायची, मग दोन चमचे तिच्याच पाण्याबरोबर मिक्सरच्या लहान भांड्यात अगदी बारीक वाटायची. दाणे राहिले तर लाटलेल्या पोळीत त्याजागी भेग पडते. त्याच भांड्यात कांदा-लसणाचं वाटण होत असेल तर ते झाकणाच्या रबरासकट आधी स्वच्छ घासून घ्या. १५० ग्रॅम कच्च्या कलेजीचं वाटण साधारण ११० ग्रॅम भरतं. उरलेलं पाणी फेकायचं नाही, बिस्किटाचा निम्मा वास त्या पाण्यातच असतो.

भोपळा वाफवायचा, पाण्यात उकडायचा नाही. उकडला की तो पाणी पितो आणि ते पाणी पुढे तुमच्या उकडीत उतरतं. साल आणि बिया काढून १५० ते १७० ग्रॅम फोडी दहा मिनिटं वाफवा, कुस्करा आणि मलमलच्या फडक्यात बांधून दहा मिनिटं टांगून ठेवा. निथळल्यावर १०० ग्रॅम गर हाताशी येतो. पावसाळ्यातला भोपळा जास्त पाणचट असतो, त्याला फडक्यातून हलकंसं पिळून घ्यावं लागतं. भोपळ्याऐवजी उकडलेलं रताळं चालतं, पण त्यात पिष्ट जास्त आणि पाणी कमी, तेव्हा ८० ग्रॅमच घ्या.

नाचणीत ग्लूटेन नाही. म्हणजे गव्हाच्या कणकेला जो चिवटपणा असतो तो तिला नसतो, आणि थंड पाण्यात भिजवलेलं नाचणीचं पीठ लाटायला घेतलं की कडा फाटतात, उचलताना तुकडे पडतात. उपाय आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान् पिढ्या आहेच. मोदकाची पारी आणि तांदळाची भाकरी ज्या उकडीवर उभी राहते, तीच उकड इथे कामाला येते. उकळत्या पाण्यात पीठ पडलं की त्यातले पिष्टाचे कण फुगतात, फुटतात आणि चिकट होतात. पीनट बटर जी बांधणी करतं, ती हा चिकटपणा करतो.

सगळं पीठ उकडायचं नाही. २०० ग्रॅममधलं १०० ग्रॅमच उकडीला घ्यायचं. पूर्ण पीठ उकडलं तर गोळा रबरासारखा होतो, लाटायला मस्त, पण वाळताना बाहेरून दगड आणि आतून ओला राहतो. कलेजीचं पाणी १०० मिलि मोजून जाड बुडाच्या पातेल्यात खळखळ उकळा. कमी भरलं तर साध्या पाण्याने पूर्ण करा. गॅस बारीक करून १०० ग्रॅम नाचणी एकदम घाला, लाटण्याच्या टोकाने किंवा उलथन्याच्या दांड्याने भराभर ढवळा. मध्येमध्ये कोरडं पीठ दिसेल, दिसू द्या. झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ आणा, गॅस बंद करा आणि आणखी पाच मिनिटं झाकण उघडू नका. या पाच मिनिटांत कोरडं पीठ वाफ ओढून घेतं. उघडल्यावर उकड गडद तपकिरी, किंचित चकचकीत दिसली पाहिजे आणि ओल्या बोटाने दाबली तर बोटाला न चिकटता खळगा राहिला पाहिजे. फिकट, भुरभुरीत राहिली असेल तर पाणी नीट उकळण्याआधी पीठ पडलं असं समजा. अशी उकड कितीही मळली तरी बांधून येत नाही. दोन चमचे उकळतं पाणी शिंपडून पुन्हा दोन मिनिटं वाफ द्यावी लागते.

गरम उकडीत कलेजीचं वाटण आणि भोपळा घालून वाटीच्या बुडाने रगडा. गुठळ्या गरम असतानाच मोडतात, थंड झाल्या की मोडत नाहीत. अंडं मात्र उकड कोमट झाल्यावरच. घाई केली तर अंड्याचा पांढरा भाग तिथेच शिजून त्याचे धागे होतात आणि मग ते बांधायच्या कामाचं राहत नाही. बोट सहज दोन-तीन सेकंद आत ठेवता आलं की अंडं फेटून घाला. त्यानंतर उरलेली १०० ग्रॅम नाचणी आणि ओट्सचं पीठ. सुरुवातीला गोळा हाताला चिकटेल. लगेच आणखी पीठ ओतू नका. ओलं फडकं झाकून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, तेवढ्यात ओट्स पाणी ओढून घेतात आणि तोच गोळा लाटण्याजोगा होतो. तरीही चिकट वाटला तर एक-दोन चमचे ओट्सचं पीठ, आणि कोरडा वाटला तर कलेजीचं चमचाभर पाणी. तयार गोळ्याचं वजन ६४० ते ६५० ग्रॅमच्या दरम्यान भरतं. हा आकडा लिहून ठेवा, पुढे त्याचंच काम आहे.

लाटण्यासाठी दुधाच्या दोन पिशव्या कापून, धुऊन, पुसून घ्या. एक खाली, एक वर, मध्ये गोळ्याचा तिसरा हिस्सा. वरून कोरडं पीठ लावायची गरजच पडत नाही. जाडी ६ मिलिमीटर. ती सगळीकडे सारखी राहणं फार महत्त्वाचं आहे, म्हणून दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या ठेवून त्यांच्यावरून लाटणं फिरवा. कडा पातळ आणि मध्य जाड राहिला तर कडेचे तुकडे करपतात आणि मधले ओले राहतात. सुरीने अडीच सेंटिमीटरचे चौकोन पाडा. हाडाच्या, पावलाच्या आकाराचे साचे दिसायला गोड, पण कातरण उरतं, ते पुन्हा लाटताना कोरडं पडतं, आणि हाडाचे पातळ कोपरे आधी जळतात. प्रत्येक चौकोनाला काट्याने दोनदा टोचा. वाफेला वाट मिळाली नाही तर बिस्किट पुरीसारखं फुगतं आणि मधला भाग कधीच नीट वाळत नाही. एवढ्या पिठात साधारण १३० चौकोन होतात.

भाजणं आणि वाळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरगुती बिस्किटांना बुरशी लागते ती या दोन्ही गोष्टी एकच समजल्यामुळे. ओटीजी १६० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा. ट्रेवर चौकोन थोडे सुटे मांडून २५ मिनिटं भाजा, उलटा, आणखी १५ मिनिटं भाजा. आता बिस्किट शिजलं, वास दरवळला, बाहेरून कडक लागतंय. पण आत अजून भरपूर पाणी आहे. इथून पुढे तापमान १०० अंशांवर आणून तास-दीड तास वाळवायचं, आणि दारात लाकडी चमचा अडकवून बोटभर फट ठेवायची म्हणजे वाफ बाहेर पडेल. वेळ वाचवायला १८० अंशांवर भाजलं तर बाहेरचा थर आधी आवळतो, आतलं पाणी कोंडतं आणि दोन दिवसांनी तेच पाणी बाहेर येऊन डब्यातली सगळी बिस्किटं मऊ पाडतं. वाळवण झालं की ओव्हन बंद करून बिस्किटं आतच गार होऊ द्या.

वाळलं की नाही हे रंगावर ठरवू नका, नाचणी कच्चीही तपकिरी आणि भाजलेलीही तपकिरी. वजन करा. ६५० ग्रॅमचा गोळा ३६० ते ३७० ग्रॅमपर्यंत उतरला पाहिजे. ४०० च्या वर काटा असेल तर अर्धा तास आणखी. दुसरी खूण तुकडा मोडून. कोरडं बिस्किट टक् आवाज करत मोडतं आणि आतला रंग कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा असतो. मध्ये गडद, ओलसर ठिपका दिसला तर काम बाकी आहे. आणि खात्रीची तिसरी परीक्षा काचेच्या बरणीची: गार झालेली पाच-सहा बिस्किटं कोरड्या बरणीत घालून झाकण घट्ट लावा आणि बरणी तासभर उन्हाच्या कडेला ठेवा. काचेवर आतून दव धरलं तर सगळी बिस्किटं परत ओव्हनमध्ये.

ओव्हन नसेल तर जाड कढईत मिठाचा थर, त्यावर तिवई, त्यावर ताटली, वर घट्ट झाकण, असं करून भाजता येतं. कढई मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायची, मग अगदी बारीक गॅसवर ३५ ते ४० मिनिटं, अर्ध्यावर बिस्किटं उलटायची. पण झाकलेल्या कढईत वाफ आतच फिरते, वाळवण होत नाही. त्यासाठी नंतर उघड्या तव्यावर मंद आचेवर अर्धा-पाऊण तास उलटसुलट करत ठेवावं लागतं. तरीही ही बिस्किटं बाहेर ठेवायची नाहीत, फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवायची. एअर फ्रायरमध्ये १५० अंशांवर १५ मिनिटं आणि मग १०० वर ४० मिनिटं, तेही एकाच थरात. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये मात्र करू नका, मधला भाग करपतो आणि कडा ओल्या राहतात.

याहून सोपा प्रकार आदल्या दिवशीच्या ज्वारीच्या भाकरीचा. बिनमिठाची भाकरी बोटभर रुंदीच्या तुकड्यांत कापा, कलेजीच्या पाण्यात क्षणभर बुडवा, एका बाजूला वाटणाचा पातळ हात फिरवा आणि मंद तव्यावर वीसेक मिनिटं दोन्ही बाजूंनी कडक होईपर्यंत ठेवा. फ्रीजमध्ये चार दिवस. पोळीचं हेच करायला जाऊ नका, पोळीत बहुतेक घरी मीठ आणि तेल असतं.

साठवणुकीत हवा बघून चालावं लागतं. नागपूरच्या एप्रिलमध्ये पूर्ण वाळलेली बिस्किटं हवाबंद बरणीत दोन-तीन आठवडे कुरकुरीत राहतात. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलैमध्ये तीच बिस्किटं उघड्या ताटात संध्याकाळपर्यंत मऊ पडतात. तिथे आठवड्यापुरती फ्रीजमध्ये आणि बाकीची फ्रीजरमध्ये, लहान-लहान पाकिटांत. फ्रीजरमध्ये तीन महिने आरामात टिकतात. पाकीट बाहेर काढल्यावर बिस्किटं खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर थंड बिस्किटांवर बाहेरच्या हवेचं दव बसतं. नुसती मऊ पडलेली, वासाला चांगली असलेली बिस्किटं १०० अंशांवर वीस मिनिटांत पुन्हा कडक होतात. पण एकावर जरी बुरशीचा ठिपका दिसला तरी अख्खी बरणी टाका. बुरशीची काही विषं कुत्र्यांमध्ये थरथर आणि झटके आणतात, आणि ती भाजल्याने जात नाहीत. बरणीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकू नका, कलेजीचा वास लागलेली पुडी कुत्रा बिस्किटाबरोबर गिळेल.

किती द्यायची? या सगळ्या साहित्यात मिळून १३०० च्या आसपास कॅलरी आहेत, म्हणजे एका चौकोनाला १०. खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा, हा पशुवैद्यांचा सर्वमान्य नियम. नसबंदी झालेल्या, साधारण हालचाल असलेल्या प्रौढ कुत्र्याचा हिशेब केला तर ५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला तीन, १० किलोला सहा, १५ किलोच्या आपल्या गावठी कुत्र्याला आठ आणि २५ किलोच्या लॅब्रॅडॉरला बारा. शिकवताना सारखा खाऊ द्यावा लागतो, तेव्हा भाजण्याआधीच चौकोनाचे चार भाग करा. कुत्रा तुकड्याचा आकार मोजत नाही, किती वेळा मिळाला तेच मोजतो. आणि बिस्किटं दिली त्या दिवशी जेवणाच्या भांड्यातून तेवढं कमी करायचं.

लॅब्रॅडॉरवाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम. या जातीत यकृतात तांबं साचण्याचा आजार दिसतो. बोकडाच्या कलेजीत कोंबडीच्या कलेजीपेक्षा तांबं कितीतरी जास्त असतं, म्हणून लॅबसाठी बोकडाची कलेजी नको, आणि आजाराचं निदान झालेलं असेल तर कलेजीच नको. कलेजीत अ जीवनसत्त्वही भरपूर असतं. बिस्किटातून जाणारं प्रमाण किरकोळ आहे, पण ज्यांच्या घरी रोजच्या जेवणातही कलेजी असते त्यांनी दोन्हींची बेरीज करावी.

कोंबडीची ॲलर्जी असलेली कुत्री पुष्कळ असतात. कान सारखे लाल होणं, पंजे चाटत बसणं ही त्याची नेहमीची लक्षणं. त्यांच्यासाठी कलेजीऐवजी वाफवलेला बांगडा, काटे एकेक करून काढलेला, १२० ग्रॅम. वास कलेजीच्या तोडीस तोड. सुकी मासळी वापरायची असेल तर ती खारवलेली नाही याची जिभेवर ठेवून खात्री करा आणि वाळू जाईपर्यंत धुवा. शाकाहारी घरात वासाचं काम थोडं कठीण होतं. नाचणीऐवजी ज्वारीचं पीठ घेऊन ते कोरडं खमंग भाजा, कलेजीच्या जागी १०० ग्रॅम चक्का घ्या आणि दोन चमचे भाजलेल्या तिळाचं कूट घाला. दह्यापेक्षा चक्का बरा, कारण निवळीबरोबर त्यातलं बरंचसं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, निघून जातं आणि बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना लॅक्टोजच नीट पचत नाही. तीळही तेलाचाच, तेव्हा दोन चमच्यांवर जाऊ नका.

काय घालायचं नाही ही यादी पाठच असावी. कांदा आणि लसूण, कच्चे, शिजलेले, पुडीचे, कसेही: त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं, मनुका, बेदाणे: मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. चॉकलेट, कोको, कॉफी. जायफळही नाही, म्हणजे गोडाच्या पदार्थातला उरलेला भोपळ्याचा गर ‘थोडासाच आहे’ म्हणून ढकलायचा नाही. यीस्ट घातलेली कच्ची कणीक पोटात फुगते आणि तिच्यातून अल्कोहोल तयार होतं. बाजारचे चिकन स्टॉकचे क्यूब मीठ आणि कांद्याने भरलेले असतात, कलेजीच्या पाण्याऐवजी ते वापरायचं मनातही आणू नका.

बिस्किटांऐवजी नुसत्या चिकनच्या पट्ट्या करायच्या असतील तर छातीचं मांस तासभर फ्रीजरमध्ये घट्ट करून ५ मिलिमीटरच्या पट्ट्या काढा. रेषांच्या दिशेने कापलं तर चिवट होतात, आडवं कापलं तर पटकन मोडतात. दात कमजोर झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला आडव्याच द्या. आधी दहा मिनिटं वाफवून घ्या, मग १०० अंशांवर फट ठेवून अडीच-तीन तास वाळवा. कच्चंच मांस कमी तापमानावर वाळवलं तर वरचा भाग आधी सुकतो आणि सुक्या मांसातले साल्मोनेलासारखे जंतू उष्णतेला दाद देत नाहीत, म्हणून वाफवणं टाळता येत नाही. वाळवण म्हणून गच्चीवर मांस पसरणं तर नकोच. अर्धा किलोचे १५० ग्रॅम उरतात, आणि एका ग्रॅममध्ये जवळपास ४ कॅलरी, त्यामुळे हात आखडता ठेवा. या पट्ट्या फ्रीजमध्येच, आठवडाभर.

रबरी खेळण्यात भरायलाही लोक पीनट बटर वापरतात. तिथे दोन चमचे भोपळ्याचा गर, एक चमचा कुस्करलेलं उकडलेलं चिकन आणि चमचाभर चक्का एकत्र करून खेळणं चार तास फ्रीजरमध्ये उभं ठेवा. गोठलेलं मिश्रण चाटून संपवायला पीनट बटरपेक्षा जास्त वेळ लागतो.

राहिलं गोळी देणं. कलेजीचं घट्ट वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलं की लागेल तेव्हा एक खडा काढून, मऊ करून, त्यात गोळी लपवता येते. आधी नुसत्या वाटणाची एक गोळी, मग औषध लपवलेली, मग लगेच तिसरी नुसत्या वाटणाची, म्हणजे तो दुसरी चावत बसत नाही. दही, चक्का किंवा पनीर यात मात्र औषध गुंडाळण्याआधी डॉक्टरांना विचारा. गोचीडतापासाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन आणि काही इतर प्रतिजैविकं दुधातल्या कॅल्शियमशी बांधली जातात आणि अंगी लागत नाहीत. डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरड्या घशाने गेली तर अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. म्हणून तिच्यामागून कलेजीचं कोमट पाणी पाच-सहा चमचे वाटीत ओतून त्याच्यासमोर ठेवा, ते तो शेवटच्या थेंबापर्यंत पितो.